ऑटोमॅटिक गाडी झटके देतेय? 'गिअरबॉक्स गेला' हे मान्य करण्याआधी एवढं तपासा

पुण्याहून साताऱ्याला निघालेली गाडी खंबाटकी घाट चढतेय. आत चार माणसं, डिकीत सामान, एसी चालू. अर्ध्या घाटात अचानक इंजिनचा आवाज वाढतो, आरपीएमचा काटा सर्रकन वर जातो, पण गाडी काही ओढत नाही. मागचा ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढत नाही. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागलाय. कशीबशी गाडी कडेला घेतली जाते. पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू केली, तर गाडी एकदम ठणठणीत. जणू काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेज. मेकॅनिक बॉनेट उघडतो, एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, "साहेब, गिअरबॉक्स गेला. पूर्ण बदलावा लागेल." त्यानंतर जो आकडा तो सांगतो, तो बऱ्याचदा लाखाच्या घरात असतो.

मॅन्युअल गाडीत काय बिघडलंय याचा थोडाफार अंदाज चालवणाऱ्याला स्वतःलाच येतो. क्लच कुठे पकडतोय हे डाव्या पायाला कळतं, गिअर अडकतोय हे हाताला कळतं. ऑटोमॅटिकमध्ये हात आणि पाय दोन्ही रिकामे. सगळा कारभार एक कॉम्प्युटर आणि काही लिटर तेल बघतं. त्यामुळे बिघाड झाला की माणूस पूर्णपणे समोरच्याच्या शब्दावर अवलंबून राहतो.

आता यातली मेख अशी की, गिअरबॉक्सच्या तक्रारीचं मूळ दरवेळी गिअरबॉक्समध्येच असतं असं नाही. कधी ते थकलेल्या बॅटरीत असतं, कधी फुटलेल्या इंजिन माउंटिंगमध्ये, कधी ब्रेकच्या एका छोट्या स्विचमध्ये. लक्षणं नीट ओळखली आणि क्रमाने तपासलं, तर लाखाचं काम काही हजारांत निभावू शकतं. आणि खरंच गिअरबॉक्स गेला असेल, तर तेही पुराव्यानिशी कळतं.

आधी हे बघा, तुमच्या गाडीत नेमका कोणता 'ऑटोमॅटिक' आहे

क्लच पेडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, एवढंच आपण धरून चालतो. पण आपल्याकडच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये चार वेगवेगळ्या जातीचे गिअरबॉक्स दिसतात. त्यांचे आजार वेगळे आणि औषधंही वेगळी.

पहिला एएमटी. हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. फरक इतकाच की क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ड्रायव्हरऐवजी एक यंत्रणा करते, तिला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमध्ये हा प्रकार आणला आणि स्वस्त ऑटोमॅटिक गाडी सामान्य घरापर्यंत पोहोचली.

दुसरा टॉर्क कन्व्हर्टर. हा जुना आणि मुरलेला प्रकार. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये 'हायड्रामॅटिक' नावाचा गिअरबॉक्स आणला, मोठ्या प्रमाणावर तयार झालेला तो पहिला पूर्ण ऑटोमॅटिक. त्यात इंजिनची ताकद तेलामार्फत पुढे जायची. पुढे हेच काम टॉर्क कन्व्हर्टर करू लागला. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरायला लागतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हाच खेळ हवेऐवजी तेलाने होतो. त्याच तेलाच्या दाबावर आतल्या क्लच प्लेट आवळल्या जातात आणि गिअर बदलतात. म्हणजे इथे तेल हेच रक्त.

तिसरा सीव्हीटी. याची ओळख करून द्यायची गरजच नाही, कारण अ‍ॅक्टिव्हा चालवणाऱ्या प्रत्येकाने तो वापरलाय. दोन पुली आणि त्यांच्यामध्ये एक बेल्ट. पुली रुंद-अरुंद होतात तसा वेग बदलतो, ठरलेले गिअर नसतातच. स्कूटरमध्ये बेल्ट रबराचा असतो, कारमध्ये सहसा पोलादाचा.

चौथा डीसीटी, म्हणजे दोन क्लचवाला. एक क्लच १, ३, ५ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवलेला असतो, म्हणून गिअर चटकन बदलतात. यातही क्लच तेलात बुडालेले आणि कोरडे असे दोन प्रकार आहेत. कोरड्या क्लचला गर्दीतली रांगत चाललेली वाहतूक सोसत नाही, तो लवकर तापतो.

गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तकात हा प्रकार लिहिलेला असतो. गॅरेजला जाण्याआधी तेवढं एक पान वाचून घ्यावं. कारण 'गाडी झटके देते' या एकाच वाक्याचा अर्थ चौघांमध्ये वेगवेगळा होतो.

प्रत्येक झटका म्हणजे बिघाड नाही

एएमटी गाडीत गिअर बदलताना मान किंचित पुढे जाते. क्लच सुटून पुन्हा पकडेपर्यंत मधे एक क्षण ताकद तुटते, त्याचा तो परिणाम. गाडी घेतल्यापासून असं होत असेल तर तो स्वभाव आहे, आजार नाही.

सीव्हीटी गाडीत अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की आधी इंजिन ओरडतं आणि वेग मागून येतो. रबर ताणून सोडल्यासारखं वाटतं. हाही स्वभावच.

उतारावर गाडी 'पी'मध्ये टाकून हँडब्रेक न लावता उतरलात, तर परत येऊन 'पी'मधून काढताना खाडकन आवाज येतो. कारण गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर टेकलेलं असतं. आवाज घाबरवणारा असला तरी एकदा झाल्याने काही बिघडत नाही. रोज होऊ दिलं तर मात्र ती खिट्टी झिजते. म्हणून पाय ब्रेकवर ठेवून आधी हँडब्रेक ओढायचा आणि मग 'पी' टाकायचा, एवढी सवय पुरते.

थोडक्यात, काळजी करायची ती बदलाची. काल जी गाडी गुळगुळीत चालत होती ती आज धक्के देत असेल, तर तिथून तपास सुरू करायचा.

लक्षण कोणतं, त्यावरून शंका कुणावर घ्यायची

'डी' टाकल्यावर उशीर: लिव्हर 'डी' किंवा 'आर'मध्ये टाकला की सेकंदभरात गाडीला हलकीशी ओढ जाणवायला हवी. दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग एकदम धक्का बसतो, असं असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत पहिली शंका तेल कमी असण्याची. तेल पुरेसं असेल, तर दाब तयार व्हायला वेळ लागतोय. विशेषतः रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी हे जास्त जाणवतं.

आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही: याला स्लिप म्हणतात. एएमटी आणि कोरड्या डीसीटीमध्ये याचा अर्थ बहुतेकदा क्लच झिजलाय किंवा फार तापलाय. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेल कमी आहे, दाब कमी आहे किंवा आतल्या प्लेट घासल्या आहेत. फक्त चढावर आणि गरम झाल्यावरच होतं, की सपाटीवर थंड गाडीतही होतं, हे लक्षात ठेवा. पहिल्या प्रकारात आशा जास्त असते.

ठरावीक वेगाला थरथर: हायवेवर साठ ते ऐंशीच्या वेगाने, पाय हलकाच ठेवून गाडी चाललीये आणि बारीक दगडांच्या पट्टीवरून गेल्यासारखी एक-दोन सेकंद थरथरते. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत हे लॉकअप क्लचचं लक्षण असू शकतं. रस्ता मोकळा असताना अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका टेकवला, तर बऱ्याच गाड्यांत लॉकअप सुटतो आणि थरथर तिथल्या तिथे थांबते. थांबली, तर शंका बळावते. पण डाव्या पायाला ब्रेकची सवय नसते, चटकन जोर पडतो. त्यामुळे हा प्रयोग मेकॅनिकला करायला सांगावा आणि आपण बाजूला बसून बघावं.

इथेच एक मोठी फसगत होते. इंजिनचा स्पार्क प्लग किंवा कॉइल खराब असेल तरी गाडी अशीच थरथरते. फरक असा की प्लगची थरथर चढावर, जोर लावला की वाढते आणि अनेकदा चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. प्लग आणि कॉइलचा खर्च गिअरबॉक्सच्या तुलनेत किरकोळ. म्हणून आधी ते तपासायचं.

'डी' किंवा 'आर' टाकताना दणका: गिअर लागायला उशीर होत नाही, पण धडाम असा आवाज येतो आणि इंजिन हलल्यासारखं वाटतं. अशा वेळी इंजिन माउंटिंग बघायला सांगा. इंजिन ज्या रबरी पायांवर बसलेलं असतं ते फाटले की गिअर लागताना अख्खं इंजिन उसळी खातं. बॉनेट उघडं ठेवून, ब्रेक घट्ट दाबून, एकाने 'डी' आणि 'आर' टाकला की दुसऱ्याला कडेला उभं राहून ते दिसतं. मात्र गाडीच्या समोर कुणीही उभं राहायचं नाही.

वळताना कटकट: स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवली की कटकट आवाज येतो. हा गिअरबॉक्सचा नाही, चाकाला ताकद पोहोचवणाऱ्या अ‍ॅक्सलच्या जॉइंटचा आवाज. वेगानुसार वाढणारी गुरगुर असेल तर चाकाचं बेअरिंगही असू शकतं.

लिव्हर 'पी'मधून हलतच नाही: हा सगळ्यात घाबरवणारा आणि सगळ्यात स्वस्तातला प्रकार. ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर सुटू नये अशी सोय असते आणि ब्रेक दाबला हे गाडीला एक स्विच सांगतो. तोच स्विच मागचे लाल दिवे लावतो. म्हणून कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा. लाल दिवे लागत नसतील, तर चोर बहुधा तो स्विच किंवा त्याचा फ्यूज आहे. एएमटी गाडीत स्टार्ट करायलाही ब्रेक दाबावा लागतो, तिथे हाच स्विच गेला तर गाडी चालूच होत नाही.

एकाच गिअरमध्ये अडकणं: गाडी चाळीस-पन्नासच्या वर जात नाही, गिअर बदलत नाहीत आणि दिवा लागलेला आहे. याला लिम्प मोड म्हणतात, म्हणजे लंगडत का होईना घरी पोहोचा. कॉम्प्युटरला काहीतरी चुकीचं दिसलं की तो गिअरबॉक्स वाचवण्यासाठी स्वतःहून असं करतो. यामागे आतली मोडतोड असू शकते, तसाच एखादा सेन्सर किंवा पाणी शिरलेलं कनेक्टरही असू शकतं.

आता तपासणीचा क्रम

चांगला डॉक्टर थेट ऑपरेशनला हात घालत नाही. आधी नाडी, मग रक्त, मग एक्स-रे. इथेही तसंच, स्वस्त आणि सोपं आधी.

१) बॅटरी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्ह, सेन्सर आणि मोटरवर अवलंबून असतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण चार्ज बॅटरीत साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. १२.२ च्या आसपास असेल तर ती निम्मी रिकामी आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट. बॅटरी थकली की गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर भलतेच दोष दाखवू शकतो आणि एएमटीचा अ‍ॅक्च्युएटर अडखळतो. ही तपासणी पाच मिनिटांची आहे.

२) गळती. सकाळी गाडी काढल्यावर जमिनीवर डाग आहे का ते बघा. रात्री खाली पुठ्ठा टाकून ठेवला तर रंगही कळतो. एसीचं पाणी स्वच्छ असतं, इंजिन ऑइल काळपट असतं, टॉर्क कन्व्हर्टरचं तेल बहुतेक गाड्यांत लालसर असतं. एक गोष्ट पक्की: गिअरबॉक्सचं तेल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. कमी झालं असेल तर ते कुठून तरी बाहेर पडलंय. नुसतं भरून देणारा मेकॅनिक अर्धंच काम करतोय.

३) तेलाची पातळी आणि प्रकृती. जुन्या गाड्यांना गिअरबॉक्सची वेगळी डिपस्टिक असायची. बऱ्याच गाड्यांत ती इंजिन चालू आणि गरम असताना बघायची असते, काहींमध्ये बंद करून लगेच. नवीन गाड्यांत डिपस्टिकच नसते. गाडी लिफ्टवर सपाट धरून, तेल ठरावीक तापमानाला आणून, बाजूचा बोल्ट उघडून पातळी बघावी लागते. त्यामुळे 'वरून बघितलं, तेल ठीक आहे' असं कुणी सांगितलं तर नेमकं कसं बघितलं ते विचारा.

तेल बरंच काही बोलतं. लालसर आणि पारदर्शक म्हणजे तब्येत बरी. तपकिरी म्हणजे वय झालं. काळं आणि करपल्याचा वास म्हणजे आतल्या प्लेट जळताहेत. दुधाळ गुलाबी, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलंय. मग गाडी चालवायचीच नाही, कारण क्लच प्लेटवरचं अस्तर पाण्याने सुटतं. सीव्हीटीच्या तेलाचा रंग कंपनीगणिक वेगळा असतो, तिथे वास आणि गढूळपणा बघायचा.

आणि तेल म्हणजे कुठलंही तेल नव्हे. सीव्हीटीमध्ये साधं एटीएफ टाकलं तर बेल्ट आणि पुली यांची पकडच बिघडते. माहितीपुस्तकात जो प्रकार लिहिलाय, तोच डब्यावर लिहिलेला असला पाहिजे.

४) स्कॅन. स्टेअरिंगखाली एक प्लग असतो, त्याला स्कॅनर जोडला की कॉम्प्युटरने नोंदवलेले कोड दिसतात. या क्रमात एक चूक फार होते. रस्त्यात बंद पडल्यावर कुणीतरी सांगतं, "बॅटरीची तार काढून परत लावा." गाडी सुरू होतेही, पण बऱ्याच गाड्यांत त्यासोबत नोंदवलेले कोड पुसले जातात. म्हणजे चोर पकडायच्या आधी सीसीटीव्हीचं फुटेज डिलीट केल्यासारखं. आधी कोड वाचा, फोटो काढा, मग काय ते करा.

५) रोड टेस्ट. मेकॅनिकला एकट्याला गाडी देऊ नका, सोबत बसा. थंड गाडीत एकदा आणि अर्धा तास चालवून गरम झाल्यावर एकदा. कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये जाताना, किती वेगाला, पाय किती दाबलेला असताना दोष येतो, हे दोघांनी मिळून बघायचं.

यूट्यूबवर स्टॉल टेस्ट नावाचा प्रकार दिसतो. एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्याने पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. तो घरी करून बघू नका. काही सेकंदांत तेल भयंकर तापतं, आणि ब्रेक सुटला तर गाडी समोर जे असेल त्यावर जाते.

कोड म्हणजे निकाल नाही, तक्रार आहे

स्कॅनरवर 'पी ०७००' दिसला की काही ठिकाणी थेट गिअरबॉक्स बदलायचं बोलणं सुरू होतं. खरं तर या कोडचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचंय, त्याच्याकडे विचारा. मुख्य कोड त्याच्या आत असतो. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त स्कॅनरला अनेकदा तो वाचताच येत नाही, त्यासाठी कंपनीचा किंवा त्या दर्जाचा स्कॅनर लागतो.

'पी ०७१५' आणि 'पी ०७२०' हे वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या सर्किटबद्दल बोलतात. तिथे सेन्सर, वायर आणि कनेक्टर आधी बघायचे. 'पी ०७५०'पासून पुढचे बरेच कोड सोलेनॉइडचे, म्हणजे तेलाचा रस्ता उघडझाप करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचे. 'पी ०७४१' लॉकअप क्लच नीट लागत नसल्याचं सांगतो. 'पी ०२१८' म्हणजे तेल जास्त तापलं. आणि 'पी ०७३०' म्हणजे कॉम्प्युटरने सांगितलेला गिअर आणि प्रत्यक्ष मिळालेला वेग यांचा हिशेब जुळत नाही. हा शेवटचा जरा गंभीर, कारण आत स्लिप होत असण्याची शक्यता असते. तरीही तेल न बघता निकाल द्यायचा नाही.

'तुम्हालाच चालवता येत नाही'

हे वाक्य आपल्याकडे गॅरेजमध्ये सर्रास ऐकायला मिळतं. पण एका देशात हे वाक्य कंपनीला फार महागात पडलं.

ऑस्ट्रेलियात फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या गाड्यांमध्ये 'पॉवरशिफ्ट' नावाचा कोरड्या क्लचचा डीसीटी होता. गाड्या थरथरतात, ओढ तुटते अशा तक्रारी ग्राहकांनी केल्या. थरथर हे गाडीतल्या दोषाचं लक्षण आहे हे कंपनीला माहीत होतं, तरी अनेकांना सांगण्यात आलं की तुमची चालवण्याची पद्धत चुकीची आहे. तिथल्या ग्राहक आयोगाने प्रकरण कोर्टात नेलं. एप्रिल २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने फोर्ड ऑस्ट्रेलियाला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. दंड गिअरबॉक्स खराब निघाला म्हणून नव्हता, तर तक्रारी हाताळताना ग्राहकांशी ज्या पद्धतीने वागलं गेलं त्यासाठी होता.

फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या कोरड्या डीएसजीचंही असंच गाजलं. २०१३ मध्ये चीनमध्ये ३ लाख ८४ हजारांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षाच्या शेवटी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल टाकायची मोहीम झाली. म्हणजे मूळ दोष आपल्या पायात नसून कारखान्यात किंवा तेलात असू शकतो.

म्हणूनच गॅरेजला जाण्याआधी आपल्या मॉडेलसाठी काही रिकॉल किंवा मोफत दुरुस्ती जाहीर झालीये का, सॉफ्टवेअर अपडेट आलंय का, हे सर्व्हिस सेंटरला गाडीचा चॅसी नंबर देऊन विचारायचं. वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेर गिअरबॉक्स उघडू द्यायचा नाही.

गॅरेजमध्ये काय विचारायचं

'पूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल' असं उत्तर आलं, तर हे प्रश्न शांतपणे विचारता येतात.

कोणता कोड आला, त्याची प्रिंट किंवा फोटो मिळेल का? तेलाची पातळी कशी बघितली? टॉर्क कन्व्हर्टर असेल तर तेलाचा दाब मोजला का? खालची पॅन उघडली का, आणि चुंबकावर काय सापडलं?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी, मऊ पेस्टसारखा थर असणं ही नेहमीची झीज. चमकणारे धातूचे तुकडे किंवा काळ्या अस्तराचा चुरा सापडला, तर आत खरंच मोडतोड झालीये. तो फोटो मागून घ्या. गिअरबॉक्स गेल्याचा पुरावा तिथे असतो.

पुढचा प्रश्न: पूर्ण गिअरबॉक्सऐवजी फक्त खराब भाग बदलता येईल का? एएमटीत क्लच सेट किंवा अ‍ॅक्च्युएटर, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह बॉडी, डीसीटीमध्ये क्लच पॅक किंवा त्याचा कंट्रोल युनिट, असे भाग अनेक गाड्यांत वेगळे बदलता येतात. मोठ्या शहरांत फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करणारी गॅरेजेस आहेत. दुसरं मत घ्यायला तिथे जावं.

अंदाजपत्रक लेखी घ्या, जुना भाग परत मागा आणि नव्या भागाची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. फसवणूक झाल्याचं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तिथे कोडचा फोटो आणि लेखी अंदाजपत्रकच कामाला येतं.

जुनी ऑटोमॅटिक घेताय?

मग विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी थंड पाहिजे. तुम्ही पोहोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर सकाळचे दोष लपलेले असू शकतात. थंड गाडीत 'पी' ते 'आर' ते 'डी' टाकून बघा, मग निदान अर्धा तास चालवा, त्यात एखादा चढ आणि थोडी रांगती वाहतूक असू द्या. स्कॅनरवर एकही कोड नाही म्हणून खूश होऊ नका. कोड कालच पुसलेले असू शकतात. चांगला स्कॅनर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात की नाही हे दाखवतो. बऱ्याच चाचण्या 'अपूर्ण' दिसल्या, तर नुकतंच काहीतरी पुसलं गेलंय किंवा बॅटरी काढली गेलीये.

बिघाड होऊच नये म्हणून

चढावर गाडी ब्रेकने धरायची, अ‍ॅक्सिलरेटरने नाही. पाय हलका ठेवून गाडी चढावर तरंगत ठेवली की एएमटी आणि डीसीटीचा क्लच घासत राहतो. सिग्नलच्या रांगेत दर दोन फुटांनी पुढे सरकण्याऐवजी थोडी जागा होऊ द्यायची आणि मग एकदाच जायचं.

'लाइफटाइम ऑइल' या शब्दावर आंधळा विश्वास नको. झेडएफ ही जर्मन कंपनी अनेक नामांकित गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवते. तीच आपल्या गिअरबॉक्सचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला सांगते. मुंबई-पुण्याची गर्दी, उन्हाळा आणि घाट बघता माहितीपुस्तकातलं 'कठीण वापर' या सदराखालचं वेळापत्रक आपल्याला लागू होतं.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी बुडाली, तर ती चालू करून बघू नका. गिअरबॉक्सला हवा जाण्यासाठी एक छोटी नळी असते, तिच्यातून पाणी आत जाऊ शकतं. आधी तेल तपासून घ्या.

आणि बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरी बांधून ओढत नेऊ नका. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीमध्ये तेल फिरवणारा पंप सहसा इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे आतले भाग तेलाविना घासतायत. दुरुस्त होण्यासारखा गिअरबॉक्स अशा वेळी गॅरेजपर्यंतच्या रस्त्यात मरू शकतो. गाडी पूर्ण उचलून नेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवा, निदान ज्या चाकांना ताकद मिळते ती तरी जमिनीपासून वर पाहिजेत.

आता परत खंबाटकी घाटात येऊ. चढ, चार माणसं, स्लिप, आणि पंधरा मिनिटांनी सगळं ठीक. थंड झाल्यावर बरी होणारी गाडी सांगत असते की तिला उष्णता सहन होत नाहीये. एएमटी किंवा कोरडा डीसीटी असेल तर क्लच तापलाय किंवा झिजत आलाय. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी असेल तर तेल कमी आहे, जुनं झालंय किंवा नीट थंड होत नाहीये. दोन्हीकडे पहिलं पाऊल कोड वाचणं आणि तेल किंवा क्लच तपासणं हेच आहे. पण तशीच गाडी दामटवत राहिलं, तर आज क्लचवर किंवा तेलावर निभावणारं काम काही महिन्यांत खरोखरच पूर्ण गिअरबॉक्सवर जातं.

त्यामुळे पुढच्या वेळी दिवा लागला की मोबाइलमध्ये पाच गोष्टी टिपून ठेवा: गाडी थंड होती की गरम, वेग किती, चढ होता की सपाट, कोणता दिवा लागला, आणि थांबल्यावर बरी झाली का. गॅरेजवाल्यासमोर ही नोंद ठेवली, की बोलण्याची सुरुवात बिलाच्या आकड्याऐवजी बिघाडापासून होते.